कामावर पडलेलं नाव पुसायचं कसं

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात माझं नाव १४ वर्षं ‘हँगर’ होतं. खांदे रुंद आणि अंगावर मांस नाही, त्यामुळे युनिफॉर्मचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. इन्स्पेक्शन टेबलापाशी मी व्हर्नियर घेऊन उभा होतो आणि मागून लेथवरचा एक जण ओरडला, “ए हँगर, माझा जॉब बघ ना आधी.” अख्खी लाईन हसली. मी वळलो, हसलो आणि त्याचा जॉब, म्हणजे तपासायला आणलेला भाग, आधी बघितला. नाव पक्कं व्हायला तेवढं पुरलं. पुढे डिस्पॅचवाले, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कँटीनचा पोऱ्या, सगळे तेच म्हणू लागले. बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आला, “हँगर साहेब बोलताय ना?” बिचाऱ्याची काही चूक नव्हती. लोकांनी माझा नंबर त्याच नावाने सेव्ह केलेला आणि ट्रूकॉलरने ते नाव त्याला दाखवलं होतं. फोन स्पीकरवर होता. शेजारी मुलगी गृहपाठ करत बसली होती.

त्यानंतर ते नाव पुसायला मला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात मी युनियनच्या कमिटीवर गेलो आणि अशी प्रकरणं माझ्याकडे यायला लागली. जाड्या, टकल्या, चकण्या, डांबर, पेन्सिल, बुटका. खाली लिहितोय ते त्यातून शिकलेलं आहे. निम्मं माझ्याच चुकांमधून.

आधी बघा, नाव ठेवलंय की नावं ठेवलीत

बारशाला नाव ठेवतात आणि पाठीमागे नावं ठेवतात. मराठीत फरक एका टिंबाचा आहे, आणि कामावरच्या टोपणनावात ते टिंब कुठे पडलंय हे पहिल्यांदा तपासायचं असतं. कारण टोपणनाव म्हणजे अपमानच असं मुळीच नाही. आपल्याकडे घरटी एक बाळू, एक पिंट्या, एक आप्पा असतो. काळे, गोरे, ढेरे, टकले, बोबडे ही आडनावंसुद्धा कधीतरी कुणाच्या अंगरूपावरूनच पडली असावीत. नेमका हाच बचाव तुम्हाला ऐकवला जाईल, “आपल्याकडे पूर्वीपासून चालतं.” चालतं, खरं आहे. पण टकले आडनावाचा माणूस त्या नावाने पगारपत्रकावर सही करतो. तुम्हाला चिकटवलेलं ‘टकल्या’ तुम्ही सहीत लिहिता का?

मी लोकांना दोन-तीन प्रश्न विचारतो. हे नाव वरच्या दिशेने चालतं का? म्हणजे हेल्पर प्लांट हेडला त्याच्या पोटावरून ‘ढेऱ्या’ म्हणू शकतो का? नसेल, तर ती मस्करी नाही, उतरंड आहे. दुसरा, बाहेरचं कुणी आलं की नाव बदलतं का? ऑडिटर समोर असताना तेच लोक तुम्हाला खऱ्या नावाने हाक मारत असतील, तर आपण काय करतोय हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आणि तिसरा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. हे नाव तुम्ही घरी सांगितलंय का? बायकोला, नवऱ्याला, आईला? सांगितलं नसेल, तर ‘मला चालतं’ हे तुमचं म्हणणं तुम्ही स्वतःच एकदा परत तपासा.

खरंच चालत असेल तर विषय संपला. एखाद्याला ‘लंबू’ म्हटलेलं मनापासून आवडतं. त्याच्या वतीने दुसऱ्याने रागवायचं कारण नाही.

ओ देणं थांबवा

नाव हाक मारणाऱ्याच्या तोंडात जन्मतं, पण जगतं तुमच्या ‘ओ’वर. म्हणून पहिलं पाऊल हेच, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

नाव नवीन असेल, आठवडा-पंधरा दिवसांचं, तर काम सोपं आहे. हाक आली की वळू नका. परत आली की वळा आणि म्हणा, “माझं नाव अमुक आहे. त्या नावाने हाक मार.” इथेच थांबा. का वाईट वाटतं, लहानपणी शाळेत काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काहीही सांगू नका. कारण दिलं की त्या कारणावर चर्चा सुरू होते. आणि हसू नका. हे सगळ्यात अवघड जातं, कारण अवघडलं की आपल्याला हसूच येतं. पण समोरचा त्या हसण्याला तुमची सही समजतो. माझी पहिली सही अशीच झाली होती.

नाव जुनं असेल तर अचानक गप्प बसून चालत नाही. लोकांना वाटतं, याचं घरी काहीतरी बिनसलंय. तिथे आधी जाहीर करावं लागतं. त्यासाठी एखादा सांधा शोधा. बढती, दुसऱ्या विभागात बदली, लांबलेल्या आजारपणानंतरची हजेरी. मी दसरा निवडला. मशीनची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटताना सगळे एकत्र उभे होते, तेव्हा म्हणालो, “एक सांगायचंय. उद्यापासून मी हँगर या हाकेला ओ देणार नाही. चिडलो नाही कुणावर. पण देणार नाही.” दोघं-तिघं हसले, एकाने लगेच मुद्दाम ‘हँगर’ म्हणून बघितलं. मी पेढ्यांचं ताट पुढे नेलं.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. नाव वाढतं, कमी होत नाही. लोक ताण देऊन बघतात. या काळातच बहुतेक जण ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतात आणि मग ते नाव पूर्वीपेक्षा घट्ट बसतं. एकदा जाहीर केलंत तर निभवा, नाहीतर जाहीर करू नका.

दोन अपवाद. क्रेनखाली उभे असाल, फोर्कलिफ्ट मागे घेत असेल आणि कुणी ‘हँगर, सरक’ ओरडला, तर सरका. हिशेब नंतर. आणि साहेबच त्या नावाने हाक मारत असतील तर ऐकलंच नाही असं दाखवता येत नाही. ते कामात टाळाटाळ म्हणून तुमच्यावरच उलटू शकतं. तिथे नुसतं “बोला साहेब” म्हणा, काम करा, आणि पुढची पायरी घ्या.

ज्याने ठेवलं त्याला एकट्यात गाठा

नावाच्या मागे तीन प्रकारची माणसं असतात. ठेवणारा, चालवणारे आणि हसणारे. सगळ्यांशी भांडायला गेलात तर दमाल. ठेवणारा बहुधा एकच असतो. त्याला धरा.

वेळ शिफ्ट सुटल्यानंतरची. शिफ्ट सुरू होताना नको, कारण मग आठ तास दोघांच्या डोक्यात तेच घोळत राहतं. जागा गेटबाहेरची टपरी, पार्किंग, बसचा थांबा. तिसरा माणूस नको. चारचौघांत सांगितलं की त्याला आब राखायची असते, आणि आब राखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अजून एक विनोद.

बरोबरीचा असेल तर, “भाऊ, एक बोलायचंय. तू मला जे नाव ठेवलंयस ते मला आवडत नाही. आधी बोललो नाही, ती माझी चूक. आता सांगतोय. बंद कर.” वयाने मोठा असेल तर, “काका, तुम्ही प्रेमाने म्हणत असाल, पण तुमचं ऐकून नवीन पोरंही म्हणायला लागलीत. तुम्ही थांबलात तर तेही थांबतील.” हे खोटं कौतुक नाही, खरंच तसं होतं. साहेब असतील तर केबिनमध्ये वेळ मागून घ्या आणि विषय कामाशी जोडा, “सर, काल व्हेंडरसमोर तुम्ही मला बुटका म्हणालात. आज तो माझ्या रिजेक्शनच्या शेऱ्यावर वाद घालत होता. माझं नाव घेतलंत तर मला काम करणं सोपं जाईल.”

उत्तरं ठरलेली आहेत. “मस्करी कळत नाही का?” यावर म्हणा, “कळते. ही आवडत नाही.” “एवढं काय मनाला लावून घेतोस?” यावर काहीच बोलू नका, वाट बघा. “सगळेच म्हणतात, मलाच का सांगतोस?” यावर, “सुरुवात तू केलीस, म्हणून तुला.”

आणि एक उत्तर असं येतं की तोंड बंद होतं. “तू पण त्याला म्हणतोस ना?”

माझ्याबाबतीत ते खरं होतं. आमच्याकडे वेल्डिंगला ठेकेदाराचा एक हेल्पर होता. मानेवर आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग. त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणायचे, मीही. एप्रिलच्या उन्हातसुद्धा हा पोरगा हातमोजे काढायचा नाही. वेल्डिंगला ते लागतातच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही की तो पाणी प्यायलाही मोजे घालूनच जातो. कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड. तिथे बसल्यावर मोजे काढायचा, डबा उघडायचा, भराभर खायचा आणि परत घालायचा. कोड म्हणजे कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होणं. ते शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, तरी त्याच्या डब्यातली चटणी कुणी घेत नसे. कमिटीवर गेल्यावर मी त्याला मोठ्या आवाजात विचारायला गेलो, “काही त्रास असेल तर सांग, आपण तक्रार करू.” तो म्हणाला, “तुम्ही पण म्हणायचे ना.”

म्हणून ही पायरी खरं तर सगळ्यांच्या आधीची आहे. तुम्ही कुणाला काय म्हणता ते आधी बंद करा. आणि चारचौघांत म्हणालेलं असेल तर माफीही चारचौघांतच मागा. केबिनमध्ये कुजबुजून मागितलेली माफी लाईनवर पोचत नाही.

चारचौघांत झालं तर

मिटिंगमध्ये, गिऱ्हाईकासमोर, कँटीनच्या रांगेत कुणी नाव घेतलं तर एकच वाक्य, सपाट आवाजात. आपलं खरं नाव आणि लगेच कामाचं पुढचं वाक्य. “मी अमुक. हा रिपोर्ट परवाचा आहे, बघून घ्या.” ऐकणाऱ्यांपैकी एक-दोघं तरी चपापतात, तेवढं पुरे.

उलटून त्याला नाव ठेवू नका. जिभेवर कितीही चांगलं आलं तरी. पुढे प्रकरण कागदावर गेलं की पहिला प्रश्न येतो, “तुम्हीही त्याला काहीतरी म्हणालात का?” हो म्हटलं की सगळं ‘दोघांची मस्करी चालते’ या खात्यात जमा. हातघाईचं तर नावच नको. एका पोराने ‘चकण्या’ म्हटलं म्हणून स्पॅनर फेकला. लागला नाही कुणाला, पण सस्पेंड तो झाला. नाव ठेवणाऱ्याला साधी समजसुद्धा मिळाली नाही.

एक वही घाला

शंभर पानी, दहा-वीस रुपयांची. घरी ठेवा, लॉकरमध्ये नको. तारीख, वेळ, जागा, कोण म्हणालं, नेमका शब्द काय, कोण ऐकत होतं, तुम्ही काय उत्तर दिलं. बस. ‘मला खूप अपमान वाटला’ हे लिहायचं असेल तर लिहा, पण वेगळ्या पानावर. त्याच दिवशी लिहा. महिन्याभराचं एका रात्री बसून लिहिलेलं शाईवरूनच ओळखू येतं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव, मीम, तुमच्या फोटोवर काढलेल्या मिशा किंवा हत्तीचं स्टिकर येत असेल, तर स्क्रीनशॉट घ्या. पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. रागाने ग्रुप सोडू नका. सोडलात की पुढचं तुम्हाला दिसणार नाही. सगळं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या वैयक्तिक मेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये एकमेव प्रत ठेवणारे मी पाहिलेत, राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना त्यांना आठवण होते.

शेजारच्यांची मदत कशी घ्यायची

हा भाग लोक विसरतात, आणि मला तर तक्रारअर्जापेक्षा याचाच भरवसा जास्त आहे. भांडणात साथ दे असं कुणाला सांगू नका, कुणी देत नाही. छोटी गोष्ट मागा. “तू फक्त मला माझ्या नावाने हाक मार, जरा मोठ्याने, सगळ्यांसमोर.” दोघा-तिघांनी असं केलं की नवीन येणाऱ्या माणसाला खरं नाव आधी ऐकू येतं.

पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली गोष्ट माझ्या मावसबहिणीने सांगितली. हंगामात ती तिथे ग्रेडिंगला जायची. टोळीतल्या एका जाडसर बाईला तिथला सुपरवायझर ‘टँकर’ म्हणायचा. बाई नुसती मान खाली घालायची. हंगाम चार महिन्यांचा, रोजंदारी, तक्रार करणार कुणाकडे? एक दिवस त्याने टेबलापाशी येऊन विचारलं, “ती टँकर कुठं गेली?” मुकादमीण घड छाटता छाटता म्हणाली, “नाही आला बा अजून. पाणी संपलंय, आम्हीबी वाटच पाहतोय.” दुसरी म्हणाली, “ग्रामपंचायतीला फोन करा.” त्या दिवसापासून ‘टँकर’ म्हटलं की सगळं टेबल पाण्याबद्दल बोलायचं. आठ दिवसांत तो तिचं नाव घ्यायला लागला. यात कुणी वर आवाज केला नाही आणि कुणाची रोजंदारी बुडाली नाही.

कागदावर कधी आणि कसं

एकट्यात सांगून झालं, महिनाभर वाट पाहिली, वहीत चार-पाच नोंदी जमल्या, तरी थांबत नाही, तर लेखी द्या. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. एचआर बदलला की तुमची तक्रारही बदली होऊन जाते.

मसुदा असा असू द्या:

“मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग यांस. विषय : शारीरिक व्यंगावरून / दिसण्यावरून हिणवणाऱ्या नावाने हाक मारली जात असल्याबाबत. मी ___ विभागात ___ सालापासून काम करतो/करते. माझे सहकारी श्री. ___ मला माझ्या नावाऐवजी ‘___’ म्हणतात. दि. ___ रोजी मी त्यांना तोंडी सांगून हे थांबवण्याची विनंती केली. त्यानंतरही दि. ___, ___ व ___ रोजी हा प्रकार घडला. तपशील सोबत जोडला आहे. तरी संबंधितांना समज द्यावी, कामाच्या ग्रुपवर व सर्व नोंदींत माझे खरे नाव वापरण्याची सूचना काढावी आणि केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी, ही विनंती.”

शेवटची मागणी नीट वाचा. ‘कडक कारवाई करावी’ असं त्यात नाही. ती मागणी ऐकायला भारी वाटते, पण एचआरला तिचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते काहीच करत नाहीत. समज, सूचना, लेखी माहिती: ही तिन्ही कामं एका दुपारी होण्यासारखी आहेत. आणि अपमानाचा शब्द अर्जात जसाच्या तसा लिहा. ‘अपशब्द वापरले’ असं मोघम लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच टोचत नाही.

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर मेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा.

ठेकेदाराकडून कामाला असाल तर एक अर्ज ठेकेदाराला आणि त्याची प्रत कंपनीला. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठेही बघा, ठेकेदार म्हणतो कंपनीत सांगा आणि कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाही. दोन्हीकडे कागद पोचला की ही टोलवाटोलवी निदान लेखी तरी होते. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे कायद्याने तक्रार निवारण समिती असायला हवी. ती कागदावर आहे की खरी आहे हे युनियनला विचारा. सरकारी नोकरीत असाल तर विभागप्रमुखाकडे अर्ज करा आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांचा उल्लेख करा.

मेन रोडवरच्या पाच माणसांच्या दुकानात यातलं काहीच नसतं. तिथे मालक हाच एचआर, आणि बऱ्याचदा नाव ठेवणाराही तोच. अशा ठिकाणी मी लोकांना खोटी आशा दाखवत नाही. एकदा स्पष्ट सांगा, आणि दुसरीकडे काम बघायला लागा.

कायदा कुठे आडवा येतो

आधी कडू भाग. कामाच्या ठिकाणी चिडवणं, हिणवणं याविरुद्ध आपल्या देशात स्वतंत्र असा कायदा नाही. नुसतं ‘जाड्या’ किंवा ‘टकल्या’ म्हटलं म्हणून कुणी तुरुंगात जाणार नाही. पोलिसांत गेलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली, म्हणजे शांतताभंग होईल अशा रीतीने मुद्दाम केलेला अपमान म्हणून, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून कागद हातात देतील. तो कागदही कधीकधी कामाला येतो, एवढंच.

पण काही बाबतींत कायद्याला दात आहेत, आणि ते माहीत असावेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर, तिचा पाणउतारा करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमानित केलं तर कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं कैद आणि दंड. ‘लंगड्या’, ‘आंधळ्या’, ‘बहिऱ्या’, ‘तोतऱ्या’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. या कायद्यातल्या २१ प्रकारांत खुजेपणा आहे, ॲसिडहल्ल्याने विद्रूप झालेले आहेत, कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, वाचादोष आहे. कोड त्यात नाही. म्हणून त्या हेल्परच्या वेळी आम्हाला हा कायदा वापरता आला नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

बाईचं नाव तिच्या छातीवरून, कमरेवरून, चालण्यावरून ठेवलेलं असेल, तर ती लैंगिक शेरेबाजी आहे आणि २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागतो. लोक त्याला ‘पॉश’ म्हणतात. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. ती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शेवटची घटना घडल्यापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. ठेक्यावरची, हंगामी, शिकाऊ, सगळ्या बायकांना हा कायदा आहे. १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा, नाशिकमध्ये ते सीबीएस बसस्थानकाजवळ आहे. नुसतं रंगावरून ‘काळी’ म्हणणं मात्र दरवेळी यात बसेलच असं नाही. तिथे साध्या तक्रारीचा रस्ता घ्या.

दिसण्यावरून ठेवलेल्या नावात जात मिसळलेली असेल, आणि असते, तर प्रकरण वेगळंच होतं. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला, तो त्या समाजातला आहे म्हणून, चारचौघांच्या देखत अपमानित करणं किंवा जातिवाचक शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ही तक्रार एचआरच्या समजपत्रावर मिटवायची नसते. थेट पोलीस ठाणं, आणि सोबत जाणकार वकील.

तुम्ही सुपरवायझर असाल तर

तुमचं काम सोपं आहे आणि तुमच्याइतकं ते कुणीच करू शकत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला हजेरी घेताना पूर्ण नाव घ्या. फलकावर, शिफ्टच्या चार्टवर, फोनमध्ये खरं नाव लिहा. कुणी तुमच्यासमोर ‘डांबर’ म्हणाला तर विचारा, “कोण?” त्याने खरं नाव सांगेपर्यंत विचारत राहा. भाषण नको. तुमच्यासमोर हसणाऱ्यांमध्ये तुम्ही नसलात तरी निम्मं काम झालं.

मनाचं

झोप उडते, कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा येतो, आरशासमोर उभं राहवत नाही, असं होत असेल तर ते ‘मनाला लावून घेणं’ नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरात कुणाला तरी सांगा. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?” तिच्या शाळेत म्हणे बाईंना नाव सांगितलं की बाई बघतात.

नोकरी बदललीत तर

सातपूर-अंबड म्हणजे एकच गाव आहे. तुम्ही नव्या कंपनीत पोचायच्या आधी नाव तिथे पोचलेलं असतं, कारण कुणाचा तरी साडू, मेहुणा तिथे असतोच. म्हणून जाण्याआधी ट्रूकॉलरवर स्वतःच्या नंबरने खातं उघडून नाव दुरुस्त करा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि पहिल्या दिवशी, कुणी विचारायच्या आधी, स्वतःहून पूर्ण नाव सांगत फिरा. सुरुवातीला जरा विचित्र वाटतं, पण चालतं.

मी बदलली. पहिल्याच सकाळी पाथर्डी फाट्यावरून कंपनीच्या बसमध्ये चढलो तर मागच्या सीटवरून आवाज आला, “अरे हँगर! तू इकडे?” जुन्या कंपनीतला डिस्पॅचचा माणूस होता, माझ्या आधी वर्षभर इथे आलेला. मी काही बोललो नाही. पुढची एक सीट रिकामी होती तिथे बसलो, बॅग मांडीवर घेतली. त्याने परत हाक मारली. मग उठून शेजारी येऊन बसला. गरवारे पॉइंट जाईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मग त्याने जरा ओशाळून विचारलं, “राग नको मानूस. पण तुझं नाव काय रे खरं?”

मी सांगितलं. त्याने फोन काढला, माझा नंबर शोधला आणि नावातला ‘ह्रस्व की दीर्घ’ तेवढा एकदा विचारून घेतला.